तापन व शीतन, नागरी

एखाद्या नगरातील किंवा त्याच्या एका विभागातील अनेक इमारतींना लागणारी उष्णता अथवा थंडावा प्रत्येक इमारतीत स्वतंत्रपणे निर्माण न करता एका मध्यवर्ती केंद्रात निर्माण करून भूमिगत नळांतील पाण्याच्या किंवा वाफेच्या द्वारे त्या इमारतींना पुरविण्याच्या व्यवस्थेस ‘नागरी तापन व शीतन’ म्हणतात. या व्यवस्थेचे तीन भाग असतात : बाष्पित्रे वा प्रशीतन यंत्रे असलेले केंद्र, रस्त्यांखालून जाणारे दुहेरी नळजाल आणि ग्राहकाच्या इमारतीतील उष्णता विनिमयक. जोडीतील एका नळातून तापविलेले वा थंड केलेले पाणी इमारतीकडे जाते. तेथे पातळ धातुपत्र्यांच्या पलीकडून वाहणाऱ्या इमारतीतील पाण्याला ते आपली उष्णता देते किंवा त्याची उष्णता घेते आणि दुसऱ्या नळातून केंद्राकडे परत येते. नळातील पाणी खर्ची पडत नाही. मापकात पाण्याचा प्रवाह आणि दोन्ही नळांतील तापमानांचा फरक मोजून त्यांवरून ग्राहकाकडून आकार घेतला जातो.

केंद्रातील यंत्रे वीस-पंचवीस वर्षांनी बदलता येतात, इंधनही बदलता येते. परंतु रस्त्याखाली एकदा गाडलेले नळ निदान दोन पिढ्या तेथेच राहावे लागतात. योजनेच्या भांडवली खर्चाचा फार मोठा हिस्सा नळ व चर यांवर होतो आणि योजना फसते तेव्हाही ती बहुधा जमिनीखालीच फसते. म्हणून प्रस्तुत नोंदीत केंद्रातील यंत्रांपेक्षा नळजालाचा विचार अधिक विस्ताराने केला आहे. (पहा : वातानुकूलन, प्रशीतन.)

इतिहास : फ्रान्समधील शोद-एग या गावी उन्हाळ्यांचे म्हणजे उष्णोदकाच्या झऱ्यांचे पाणी लाकडी नळांतून घरांना पुरविण्याची व्यवस्था चौदाव्या शतकापासून होती. आधुनिक पद्धतीचा प्रारंभ मात्र १८७७ मध्ये झाला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट या गावी बर्डसिल हॉली या अभियंत्याने एका बाष्पित्रातील वाफ भूमिगत नळांतून शेजारच्या घरांना दिली. १८८२ मध्ये न्यूयॉर्क शहरात वाफेचा व्यापारी पुरवठा सुरू झाला व तो अद्याप चालू आहे. डेन्मार्कमध्ये १९०३ साली फ्रेडरिक्सबर्ग येथे कचरा जाळणाऱ्या भट्टीतील उष्णता रुग्णालयास पुरविण्यात आली. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे १९३० मध्ये सु. ३ किमी. लांबीच्या नळाने उन्हाळ्यांचे पाणी शाळा, रुग्णालय व काही घरांपर्यंत नेण्यात आले. १९७३ च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कने १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्यासंबंधी कायदा केला. आज त्या देशातील सु. दोन तृतीयांश घरे अशा नळांनी तापविली जातात.

शीतनाचा इतिहास त्यामानाने अल्प आहे. १८८९ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे शीतगृहांना नळांतून थंडावा पुरविणारी कंपनी स्थापन झाली होती. परंतु इमारतींसाठी थंड पाण्याचा व्यापारी पुरवठा हार्टफर्ड येथे १९६२ मध्ये सुरू झाला. पॅरिस, टोरांटो, सिंगापूर व दुबई येथे आता अशी मोठी नळजाले आहेत. टोरांटोत २००४ पासून ऑंटॅरिओ सरोवराच्या सु. ८३ मी. खोलीवरील ४° से. तापमानाच्या पाण्याचा उपयोग केला जातो. अशी दैवी देणगी असलेली नगरे थोडीच.

लाभाची कारणे : सर्व इमारतींची कमाल मागणी एकाच वेळी येत नाही. कचेऱ्यांना दुपारी, उपाहारगृहांना व नाट्यगृहांना संध्याकाळी, तर रुग्णालयांना अहोरात्र थंडावा लागतो. त्यामुळे मध्यवर्ती केंद्राची क्षमता सुट्या यंत्रांच्या क्षमतांच्या बेरजेपेक्षा बरीच कमी ठेवता येते. प्रशीतनाची क्षमता ‘टन’ या एककात मोजतात, २,००० पौंड (सु. ९०७ किग्रॅ.) बर्फ २४ तासांत वितळण्यास लागणाऱ्या उष्णतेइतकी उष्णता काढून घेण्याची त्वरा म्हणजे एक टन, म्हणजेच सु. ३·५ किलोवॉट. खोलीत बसविण्याच्या लहान यंत्रास एका टनामागे एक किलोवॉटहून अधिक वीज लागते. मोठ्या केंद्रातील जलशीतित यंत्रास सु. ०·६ ते ०·७ किलोवॉट पुरते. रात्री पाणी थंड करून वा बर्फ गोठवून टाक्यांत साठविल्यास दिवसाच्या विजेचा भारही हलका होतो.

नळांचे आकारमान : उष्ण व थंड पाण्याचे नळ दिसावयास सारखे असले, तरी त्यांच्यात एक मूलभूत भेद आहे व उष्ण कटिबंधातील नगरांना तो प्रतिकूल आहे. तापनाचे पाणी ८०° से. ला पाठवून ४०° से. ला परत घेता येते, म्हणजे प्रत्येक लिटर पाणी ४० अंशांची उष्णता वाहून नेते. शीतनाचे पाणी सु. ६° से. ला निघते व १४° से. च्या आसपास परत येते. त्याहून थंड पाठवावे, तर ते गोठण्याच्या जवळ जाते. त्याहून उष्ण परत घ्यावे, तर इमारतीतील हवा पुरेशी थंड व कोरडी होत नाही. एकूण फरक आठच अंशांचा. १,००० टन थंडावा पोहोचविण्यासाठी या हिशेबाने दर सेकंदास सु. १०५ लि. पाणी वाहवावे लागते व वेग सेकंदाला २ मी. ठेवल्यास नळाचा आतील व्यास सु. २६० मिमी. येतो. तेवढीच शक्ती उष्णतेच्या रूपाने न्यावयाची असल्यास सु. २१ लि. पाणी आणि सु. ११५ मिमी. व्यासाचा नळ पुरतो. यामुळे उष्ण पाणी दहा-वीस किमी. नेणे परवडते, तर थंड पाण्याचे जाल बहुधा दोन-चार किमी.च्या परिसरात आणि दाटीच्या, मोठ्या इमारतींच्या वस्तीतच परवडते. परतीच्या पाण्याचे तापमान ग्राहकाच्या इमारतीतील सदोष झडपांमुळे दोन अंशांनी खाली आले, तर तोच नळ तीन चतुर्थांशच थंडावा वाहू शकतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी परतीचे पाणी पुरेसे तापलेले नसल्यास ग्राहकास अधिक आकार लावतात.

नळांची रचना : पूर्वी नळ काँक्रीटच्या बंदिस्त नाल्यांत टेकूंवर ठेवीत व त्यांवर निरोधक द्रव्य गुंडाळीत. नाल्यात पाणी शिरले की निरोधक भिजे आणि पोलाद बाहेरून गंजू लागे. १९६० नंतरच्या काळात पूर्वनिरोधित नळ प्रचारात आले. यात आत पोलादी नळ, त्याभोवती पॉलियुरेथेनचा घट्ट फेस आणि बाहेर पॉलिएथिलिनचे कवच असते; हे तिन्ही कारखान्यातच एकमेकांस चिकटविलेले असल्याने नळ सरळ मातीत पुरता येतो. फेसात तांब्याच्या दोन तारा सोडलेल्या असतात. कोठेही ओल शिरली की तारांमधील विद्युत रोध घटतो आणि तारेतून सोडलेला स्पंद परत येण्यास लागलेल्या वेळेवरून गळतीची जागा काही मीटरांच्या अचूकतेने सांगता येते. सर्व रस्ता उकरून गळती शोधण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.

तापनाच्या नळात प्रसरणाचा प्रश्न महत्त्वाचा असतो. १०० मी. लांबीचा पोलादी नळ ७०° से. ने तापला असता सु. ८४ मिमी. वाढतो. ही वाढ सामावून घेण्यासाठी नळाला ठिकठिकाणी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे वाक देतात. दुसरा मार्ग नळास वाढूच न देण्याचा : भोवतालच्या वाळूचे घर्षण कवचाला, कवच फेसाला व फेस पोलादाला धरून ठेवतो आणि वाढीऐवजी पोलादात दाबाचे प्रतिबल निर्माण होते. ७०° से. ला हे प्रतिबल सु. १७५ मेगापास्काल, म्हणजे साध्या पोलादाच्या सहनमर्यादेच्या आत राहते. चर बुजविण्यापूर्वी नळ मध्यम तापमानापर्यंत तापवून घेतल्यास ते आणखी कमी होते. अशा नळाजवळ नंतर दुसऱ्या कामासाठी लांब खड्डा घेतल्यास घर्षणाचा आधार जातो व तापलेला नळ बाजूला वाकून वर उसळू शकतो. शेजारी खोदणाऱ्यास हे ठाऊक असावेच लागते.

थंड पाण्याच्या नळात प्रसरण नगण्य असते. तेथील शत्रू म्हणजे बाष्प. जमिनीतील दमट हवा थंड पृष्ठाकडे ओढली जाते व कवचात एखादे छिद्र असल्यास आत संघनित होऊन साचत राहते. उष्ण नळातील ओल उष्णतेने काही प्रमाणात बाहेर फेकली जाते, थंड नळातील मात्र कायम राहते. प्रत्यक्ष थंडावा वाया जाण्याचे प्रमाण सर्वसाधारण समजुतीपेक्षा बरेच कमी आहे. जमिनीचे तापमान २५° से. व पाण्याचे ६° से. धरल्यास, ३२४ मिमी. बाह्य व्यासाच्या व ४५० मिमी. कवचाच्या नळात दर मीटरला सु. १० वॉट उष्णता शिरते, एका किमी.स ती तीन टनांपेक्षाही कमी होते. निरोधक मुळीच नसता तर हा आकडा सु. ६० वॉट झाला असता. परतीच्या नळास काही योजनांत निरोधक लावीत नाहीत ते याच कारणाने.

नळ टाकण्याचे काम : वर उल्लेखिलेल्या आकाराच्या दोन नळांसाठी सु. दीड मीटर रुंदीचा चर लागतो आणि नळांच्या माथ्यावर निदान ०·६ ते १ मी. माती राहावी लागते. तळाशी दगडविरहित वाळूची गादी करून तीवर नळ ठेवतात, टोके जुळवून वितळजोड करतात आणि प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी वा श्राव्यातीत ध्वनितरंगांनी तपासतात. मग कार्यकारी दाबाच्या सु. दीडपट दाबाने पाणी भरून चाचणी घेतात. यानंतरचे काम दिसावयास क्षुल्लक पण सर्वांत नाजूक असते : उघड्या सांध्याभोवती तापविल्यावर आकसणारी नळी बसवून तीत फेस ओततात. चरात पाणी साचले असेल, कामगाराचा हात मळका असेल किंवा कवच नीट पुसलेले नसेल, तर नळी चिकटत नाही आणि काही वर्षांनी तेथूनच नळ गंजतो. जुन्या नळजालांतील बिघाडांपैकी पुष्कळसे नळाच्या अंगात नसून अशा सांध्यांत आढळतात. भर पावसाळ्यात हे काम हाती घेणे म्हणजे ठेकेदाराने नगराच्या माथी पुढील दुरुस्ती मारणे होय.

नळाच्या चढावाच्या माथ्यावर हवा अडकते. तेथे हवा सोडणाऱ्या झडपा व सखल भागी रिकामे करण्याच्या तोट्या बसवितात. महाराष्ट्रास ही गरज नवी नाही. पेशवाईत १७५० च्या सुमारास कात्रजहून पुण्यास आणलेल्या दगडी नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते, तर मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे केलेल्या नहरीत खापरी नळांमधील हवेसाठी उंच मनोरे उभारले होते.

वाफेच्या नळांत धोका अधिक असतो. न्यूयॉर्क येथे १८ जुलै २००७ रोजी १९२४ मध्ये टाकलेला सु. ६०० मिमी. व्यासाचा वाफेचा नळ भर रस्त्यात फुटला. एक व्यक्ती मृत्युमुखी पडली व अनेक जखमी झाल्या. मुसळधार पावसाचे पाणी नळाभोवती साचून आतील वाफेचे पाणी झाले, ते काढून टाकणारे सापळे तुंबलेले होते आणि साचलेल्या पाण्याला वाफेने दिलेल्या जलाघाताने नळ फुटला. नव्या योजनांत वाफेऐवजी पाणी वापरण्याकडे कल आहे.

भारत व महाराष्ट्र : भारतातील पहिली नागरी शीतन योजना गुजरातमध्ये गांधीनगरजवळील गिफ्ट सिटी येथे २०१५ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता १०,००० टन होती. तेथे थंड पाण्याचे नळ, पिण्याच्या पाण्याचे नळ, विजेच्या तारा व कचरा ओढून नेणारे नळ एकाच भुयारात ठेवले आहेत व माणूस आत चालत जाऊन त्यांची पाहणी करू शकतो. हे साधले याचे कारण भुयार आधी बांधले गेले आणि इमारती नंतर उभ्या राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१७ मध्ये नागरी शीतनाच्या अभ्यासासाठी निवडलेल्या पाच भारतीय शहरांत महाराष्ट्रातील पुणे व ठाणे यांचा समावेश होता. राजकोट, भोपाळ व कोइमतूर ही उरलेली तीन होत.

नाशिकची परिस्थिती : नाशिक नगरात अशी योजना नाही. तरीही वसलेल्या शहरात नळ टाकताना कोणते प्रश्न उभे राहतात, हे समजून घेण्यास ते चांगले उदाहरण आहे. हिवाळ्यात येथील किमान तापमान १०° से. च्या खाली जात असले, तरी घरे तापविण्याची गरज भासत नाही. प्रश्न शीतनाचाच आहे आणि तोही प्रामुख्याने मार्च ते जून व काही अंशी ऑक्टोबरमध्ये. उन्हाळ्यातील हवा कोरडी असल्याने साध्या घरांचे काम वाळ्याचे पडदे वा पाण्याचे कूलर यांवर भागते. वर्षाचे निम्म्याहून अधिक महिने नळ अर्धवट क्षमतेने चालणार असतील, तर त्यांवरील खर्च वसूल होणे कठीण. रुग्णालये, मोठी हॉटेले, व्यापारी संकुले आणि संगणकीय कामाच्या इमारती जेथे एकमेकींलगत आहेत, तेथेच हा हिशेब जमू शकतो.

भूमीचा प्रश्न वेगळाच आहे. नाशिक दख्खनच्या पाषाणावर वसले आहे. टेकाडांवर मुरुमाच्या पातळ थराखाली लगेच काळा कातळ लागतो. वस्तीत सुरुंग लावता येत नाहीत, म्हणून यांत्रिक घणाने तो फोडावा लागतो. काम मंद, खर्चिक व कर्णकर्कश होते. सखल भागी व नदीकाठी काळी माती आढळते. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे नळाभोवतालची सर्व काळी माती काढून तेथे वाळू भरावी लागते. नदीतील वाळूच्या उपशावर निर्बंध असल्याने आता खडी दळून केलेली वाळू वापरण्यात येते. तिचे कण टोकदार असतात व कवचाला ओरखडे पाडतात, म्हणून ती बारीक चाळून घेणे अवश्य ठरते. वायुपुरवठ्याचे बारीक नळ व तारा टाकण्यासाठी रस्ता न फोडता आडवे भोक घेण्याचे यंत्र वापरतात, पण जाड नळांच्या जोडीसाठी अखंड कातळात ते सहजी उपयोगी पडत नाही.

गोदावरीकाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पूर आला की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाण्याची उंची सांगण्याची नाशिककरांची रीत आहे. त्या पट्ट्यातील भूजल पुराबरोबर वर येते. फेसाच्या निरोधकामुळे नळ हलका होतो आणि ४५० मिमी. कवचाचा रिकामा नळ पाण्याने भरलेल्या चरात प्रत्येक मीटरमागे सु. १०० किग्रॅ. भाराइतक्या बलाने वर उचलला जातो. म्हणून तेथे नळ पुलाला बांधून नेणे किंवा काँक्रीटचे वजन घालून पुरणे हे दोनच मार्ग उरतात. जुने नाशिक व पंचवटी यांतील अनेक गल्ल्यांची रुंदी चर, यंत्र व वहिवाट या तिन्हींना पुरणारी नाही. शिवाय तेथील वाड्यांचे पाये उथळ असल्याने भिंतीलगत दीड मीटर खोदणे हे केवळ गैरसोयीचे नसून धोक्याचेही आहे. तेथे हे नळ नेण्याचा विचार करू नये, हेच योग्य.

रुंद रस्त्यांखालीही जागा मोकळी नाही. १९८२ मध्ये महानगरपालिका झाल्यापासून नगर चहूबाजूंनी वाढले व पाणी, सांडपाणी, वीज, दूरध्वनी आणि अलीकडे स्वयंपाकाचा वायू यांचे नळ व तारा वेगवेगळ्या यंत्रणांनी वेगवेगळ्या वर्षी टाकल्या. त्यांचे अचूक नकाशे एकत्र असल्याखेरीज दीड मीटर रुंदीचा चर आखता येत नाही. पुष्कळदा प्रथम आडवे परीक्षण-खड्डे घेऊन खाली काय आहे ते पाहावे लागते. सिंहस्थाच्या पूर्वी नगरात रस्त्यांची मोठी कामे होतात आणि २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६–२७ मध्ये येतो. रस्ता उघडा असतानाच नळांसाठी मोकळे पाइप वा बंदिस्त नाला ठेवून दिल्यास नंतरची खोदाई वाचते. डांबर पडून वर्ष होत नाही तोच तोच रस्ता पुन्हा फोडला जाण्याचा अनुभव कोणत्या नगरवासीयाला नाही? नव्या वस्तीत हे आधीच करता येते. मखमलाबाद भागात स्मार्ट सिटी योजनेखाली नवे क्षेत्र आखून विकसित करण्याचा प्रस्ताव पुढे आला होता, परंतु काही जमीनधारकांनी त्यास विरोध केला. सलग जमीन व आधी आखलेले रस्ते ही अशा नळजालाची पहिली अट असल्याने तंत्राइतकाच हा जमीनधारकांच्या संमतीचाही विषय ठरतो.

पाणी हाही अडचणीचा भाग आहे. नळातील पाणी फिरते राहत असले, तरी केंद्रातील शीतन मनोऱ्यांत बाष्पीभवन होते; १,००० टनांस ताशी सु. ६ ते ७ घ. मी. पाणी उडून जाते. गंगापूर धरणाच्या पाण्यावर नगर, शेती व खालच्या बाजूचा मराठवाडा या सर्वांचा दावा असताना पिण्याचे पाणी यासाठी देणे समर्थनीय नाही. तपोवन व आगर टाकळी येथील केंद्रांत शुद्ध केलेले सांडपाणी वापरता येईल. मात्र त्यासाठी आणखी एक नळ टाकावा लागेल.

उष्णता मात्र नाशिकजवळ मुबलक वाया जाते. एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात उभारण्यात आले. अशा संचांत निर्माण होणाऱ्या विजेच्या सु. दीडपट उष्णता संघनकातून बाहेर टाकली जाते. युरोपात अशाच केंद्रांतील उष्णतेवर नगरे तापविली जातात व शोषण प्रशीतन यंत्राच्या साह्याने उष्णतेपासून थंडावाही मिळविता येतो. परंतु संघनकातील पाणी ४०° ते ४५° से. असते आणि शोषण यंत्रास ८०° से. किंवा अधिक तापमान लागते. त्यासाठी टरबाइनमधून वाफ मध्येच काढावी लागेल व तितकी वीज कमी होईल. शिवाय जुन्या कोळसा-संचांचे उर्वरित आयुष्य नळांच्या आयुष्यापेक्षा कमी आहे.

जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत, ओझर व दिंडोरी या परिसरात द्राक्षांसाठी शीतगृहे आहेत व थंडाव्याची खरी सातत्याची मागणी तेथे असल्याने ती अशा जालास जोडावीत, अशी कल्पना सहज सुचते. निर्यातीची द्राक्षे पूर्वशीतनानंतर ०° ते १° से. तापमानात ठेवावी लागतात, ६° से. च्या पाण्याने ते साधत नाही. त्यासाठी मिठाचे वा ग्लायकॉलचे द्रावण नळांतून फिरवावे लागेल. ते दाट असल्याने पंपांना अधिक वीज लागते, गळती झाल्यास ते जमिनीत मुरते आणि शीतगृहे एकमेकांपासून बरीच दूर विखुरलेली आहेत. या उद्योगात प्रत्येक शीतगृहाचे स्वतंत्र यंत्रच अधिक सोयीचे ठरते.